दुखणे गुडघ्याचे, पण नेमके कशाचे?

गुडघा दुखू लागला की घराघरांत ‘शीर आखडली’, ‘गादी झिजली’, ‘वंगण संपले’, ‘हाड वाढले’, ‘वाटी सरकली’ अशी निदाने होतात, आणि रुग्णाला चटकन कळावे म्हणून डॉक्टरही पुष्कळदा हेच शब्द वापरतात. दुखणे कुठे आहे हे सांगण्यापुरते हे शब्द उपयोगी आहेत. परंतु एकट्या ‘शीर’ या शब्दात रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी आणि हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा अशा चार निराळ्या गोष्टी येतात, तर ‘गादी’ म्हटल्यावर एकाला मणक्यांमधली चकती आठवते आणि दुसऱ्याला गुडघ्यातल्या हाडांवरचे अस्तर. हे भाग निराळे आहेतच, शिवाय त्यांना मिळणारे रक्त कमीअधिक असल्यामुळे इजा झाल्यावर त्यांचे भरून येणेही अगदी निराळे असते. नडगीचे मोडलेले हाड काही महिन्यांत पुन्हा हाडानेच सांधले जाते, आणि त्याच हाडाच्या माथ्यावरील गुळगुळीत अस्तराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा निघाला तर ती जागा पूर्वीसारखी कधीच होत नाही. म्हणून हाड, सांधा, कूर्चा, अस्थिबंध, कंडरा आणि स्नायू या संज्ञांचे नेमके अर्थ वैद्यकाच्या विद्यार्थ्याइतकेच रुग्णालाही ठाऊक असायला हवेत, आणि ते समजून घेण्यासाठी या साऱ्या गोष्टी एकत्र आणणारा, शरीरातला सर्वांत मोठा सांधा, म्हणजे गुडघा, याहून सोयीचे ठिकाण नाही.

शारीरशास्त्रात कोणत्याही भागाचे स्थान सांगताना माणूस ताठ उभा आहे, तोंड समोर आहे, हात बाजूला सोडलेले आहेत आणि तळवे पुढे वळलेले आहेत असे गृहीत धरतात. या उभे राहण्याला शारीर स्थिती म्हणतात, आणि रुग्ण पालथा झोपलेला असो वा उताणा, दिशांची नावे याच स्थितीवरून ठरतात. पुढची बाजू ती अग्र, मागची ती पश्च. शरीराच्या मध्यरेषेकडची ती अभिमध्य आणि मध्यरेषेपासून दूरची ती पार्श्व. हातापायांच्या बाबतीत धडाजवळचे टोक समीपस्थ आणि लांबचे टोक दूरस्थ. एमआरआयच्या अहवालात येणारे ‘मीडियल’ आणि ‘लॅटरल’ हे शब्द अभिमध्य आणि पार्श्व याच अर्थाचे असून त्यांचा डाव्याउजव्याशी संबंध नाही. दोन्ही गुडघ्यांची, एकमेकांसमोर येणारी आतली बाजू ती अभिमध्य. एवढे ध्यानात ठेवले तरी हातात पडलेल्या अहवालाचा निम्मा अर्थ वाचणाऱ्याला लागतो.

गुडघ्याच्या सांध्यात तीन हाडे भाग घेतात. वरून मांडीचे हाड, म्हणजे ऊर्वस्थी, येते. शरीरातले हे सर्वांत लांब हाड खालच्या टोकाला रुंद होते आणि त्याला दोन गोलसर उंचवटे असतात. खालून नडगीचे हाड, म्हणजे अंतर्जंघास्थी, येते आणि तिचा माथा जवळजवळ सपाट असतो. पुढे गुडघ्याची वाटी, म्हणजे जान्वस्थी, असते. ती मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या कंडरेत रुतलेली असते आणि कंडरांच्या आत तयार होणाऱ्या हाडांमध्ये तीच सर्वांत मोठी आहे. नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेले बारीक हाड, बहिर्जंघास्थी, गुडघ्याच्या थोडे खालीच थांबते, त्यामुळे ते पायाच्या हाडांत मोजले जात असले तरी गुडघ्याच्या सांध्यात येत नाही, आणि शरीराचा फारच थोडा भार त्यावर पडतो.

हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू आहे हा समज सांगाडे पाहून झाला असावा, कारण जिवंत शरीरातले हाड रक्ताने भरलेले असते. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात, आणि हाड ही अशीच एक जिवंत ऊती आहे, जिच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या क्षारांचा आणि उरलेला मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. हाड आम्लात बुडवून ठेवले तर क्षार विरघळून ते वाकवता येण्याइतके मऊ होते, आणि जाळले तर तंतू नष्ट होऊन उरलेले हाड हाताने चुरता येते. अर्थात कठीणपणा क्षारांमुळे आणि चिवटपणा तंतूंमुळे येतो. हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराला घनास्थी आणि टोकांकडच्या आतल्या जाळीदार भागाला सच्छिद्र अस्थी म्हणतात. जाळीच्या पोकळ्यांत अस्थिमज्जा असते, आणि प्रौढ माणसात रक्ताच्या पेशी मुख्यतः मणके, छातीचे हाड, कमरेची हाडे अशा ठिकाणच्या तांबड्या मज्जेत तयार होतात. सांध्याचे पृष्ठभाग सोडले तर संपूर्ण हाडावर अस्थ्यावरण नावाचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यात मज्जातंतू भरपूर असल्यामुळेच नडगीवर लागलेला मार इतका झोंबतो. आत सूक्ष्म नळ्यांतून रक्तवाहिन्या फिरतात, आणि या नळ्यांचे वर्णन १६९१ साली करणाऱ्या क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याचे नाव आजही त्यांना आहे.

या रक्तपुरवठ्यामुळेच हाडाला स्वतःला दुरुस्त करता येते. हाड मोडले की त्या जागी रक्त साखळते, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, प्रथम मऊ कूर्चेचा आणि मग कच्च्या हाडाचा जोड तयार होतो, आणि पुढे काही महिने तो जोड घासूनपुसून मूळ आकारात आणला जातो. त्वचेवर जखमेचा व्रण उरतो तसा व्रण हाडात उरत नाही. एरवीही अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवत असतात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड घालत असतात, ज्यामुळे प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने हाड बळकट होते, हे सूत्र जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ याने १८९२ साली मांडले. अंतराळवीरांच्या पायांवर भार येत नाही तेव्हा भार पेलणाऱ्या हाडांची घनता दर महिन्याला एक टक्का वा त्याहून अधिक घटते, ही त्याचीच उलटी बाजू होय.

प्रौढाच्या शरीरात साधारणतः २०६ हाडे मोजली जातात, तर नवजात बाळात ही संख्या २७० च्या पुढे असते, कारण पुढे एकजीव होणारी हाडे जन्मावेळी सुटी असतात. सुश्रुतसंहितेत ३०० आणि चरकसंहितेत ३६० हाडे सांगितली आहेत, आणि या आकड्यांवरून प्राचीनांना हाडे मोजता येत नव्हती असा निष्कर्ष कोणी काढला तर तो अन्यायाचा ठरेल. चरकाने दात आणि नखे हाडांतच धरली, आणि सुश्रुताने दातांबरोबर नाक, कान, गळा येथील कूर्चाही ‘तरुण’ अस्थी म्हणून मोजल्या. कूर्चेला तरुण अस्थी म्हणण्यात सूक्ष्म निरीक्षण आहे, कारण गर्भात सांगाड्याचा बहुतेक भाग आधी कूर्चेचा बनतो आणि मग त्याचे हाड होते. बाळाच्या गुडघ्याची वाटी जन्मावेळी कूर्चेची असते आणि तिचे हाड होण्यास साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी सुरुवात होते. मुलांच्या लांब हाडांत टोकाजवळ कूर्चेची एक वाढपट्टी शिल्लक राहते, तिथेच हाडाची लांबी वाढते, आणि पायाच्या एकूण वाढीपैकी सुमारे दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या व खालच्या अशा दोन पट्ट्यांतून होते. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाच्या गुडघ्याला मोठा मार लागल्यास ‘मुरगळला असेल’ म्हणून घरगुती लेपावर भागवू नये. ही पट्टी दुखावली तर पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो.

कूर्चा, शालेय पुस्तकांतली कास्थी आणि काही ग्रंथांतली उपास्थी ही एकाच ऊतीची नावे आहेत. तिचे तीन प्रकार मानतात. कानाच्या पाळीच्या वरच्या भागाला आकार देणारी ती लवचीक कूर्चा, मणक्यांमधल्या चकत्यांत असणारी ती तंतुमय कूर्चा, आणि सांध्यांतील हाडांच्या टोकांवर असणारी ती निळसर पांढऱ्या काचेसारखी दिसणारी काचाभ कूर्चा. गुडघ्यातला काचाभ कूर्चेचा थर बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असतो आणि वाटीच्या मागे तो त्याहून जाड होतो. या थराचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग पाणी असतो; कोलॅजनच्या जाळ्यात पाणी ओढून धरणारे मोठे रेणू अडकवलेले असतात आणि त्या सगळ्याची देखभाल करणाऱ्या पेशी फार विरळ असतात. या थरात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. मग या पेशी जगतात कशावर, तर सांध्यातल्या द्रवावर: पाऊल टेकले की स्पंज दाबल्याप्रमाणे कूर्चेतले पाणी बाहेर पडते आणि पाऊल उचलले की पोषक द्रव्यांसह ते परत शोषले जाते. चालणे म्हणजे कूर्चेचे जेवण होय, आणि गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षे हालचालच बंद करणारा माणूस तिची उपासमार करतो.

रक्त नाही म्हणून कूर्चेला दुरुस्तीही नाही. लंडनमध्ये काम करणाऱ्या विल्यम हंटर या स्कॉटिश शारीरज्ञाने १७४३ साली सांध्यांतील कूर्चेवर लिहिलेल्या निबंधात, कूर्चा एकदा नष्ट झाली की परत मिळत नाही ही गोष्ट पुरातन काळापासून मान्य असल्याचे नमूद केले, आणि त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी मूळची काचाभ कूर्चा हुबेहूब पुन्हा उगवून देणारे औषध हाती आलेले नाही. कूर्चेखालच्या हाडाला बारीक भोके पाडून रक्त वर येऊ देण्याची शस्त्रक्रिया आहे, पण तिने भरून येणारी कूर्चा तंतुमय प्रकारची आणि कमी टिकाऊ असते. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात घालण्याची पद्धत स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. ती तरुण रुग्णांच्या मर्यादित जखमेसाठी आहे, सगळा गुडघा झिजलेल्या माणसासाठी नाही. ‘गादी पुन्हा तयार करणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती वाचताना वाचकांनी ही वस्तुस्थिती समोर ठेवावी.

दोन वा अधिक हाडे जिथे एकत्र येतात तो सांधा, मग तो हलो वा न हलो. कवटीची हाडे करवतीच्या दात्यांसारख्या कडांनी एकमेकांत गुंतून तंतूंनी जखडलेली असतात, त्यांना तंतुमय सांधे म्हणतात. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची चकती असते, तो कूर्चामय सांधा आणि त्याची हालचाल थोडी. आणि खांदा, कोपर, खुबा, गुडघा येथे हाडांच्या मध्ये द्रव असलेली पोकळी असते, ते द्रवयुक्त सांधे, ज्यांची हालचाल सर्वांत मोकळी. सुश्रुतसंहितेने सांध्यांचे आधी चल आणि स्थिर असे दोन भाग केले आणि मग आकारावरून आठ प्रकार सांगितले, ज्यांत बोटे, मनगट, घोटा, गुडघा आणि कोपर यांचा ‘कोर’, काख आणि जांघ यांचा ‘उलूखल’ म्हणजे उखळासारखा, आणि डोक्याच्या हाडांचा ‘तुन्नसेवनी’ म्हणजे शिवणीसारखा हे प्रकार आजच्या वाचकालाही ओळखू येतील. शाळेत शिकवला जाणारा उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा हे वर्गीकरण याच तत्त्वावर, म्हणजे आकारावरून हालचाल ओळखण्यावर, उभे आहे. गुडघ्याला बिजागरीचा सांधा म्हणतात ते मात्र अर्धेच खरे आहे. पाय दुमडणे म्हणजे आकुंचन आणि सरळ करणे म्हणजे प्रसरण या दोन हालचाली त्यात मुख्य असल्या तरी दुमडलेला गुडघा आतबाहेर थोडा फिरतोही, आणि पाय पूर्ण सरळ होताना शेवटी मांडी व नडगी एकमेकांवर किंचित वळून सांधा घट्ट बसतो, ज्यामुळे माणसाला फारसे श्रम न पडता बराच वेळ उभे राहता येते.

द्रवयुक्त सांध्याभोवती तंतूंची एक पिशवी असते, तिला संधिकोश म्हणतात, आणि त्या कोशाला आतून लागलेल्या पातळ पापुद्र्याला संधिकला. ही संधिकला जो चिकट द्रव पाझरवते तो संधिद्रव, म्हणजेच बोलीतले वंगण. निरोगी गुडघ्यात तो अवघा काही मिलिलिटर असतो, आणि तेवढ्यावर कूर्चेचे पृष्ठभाग जवळजवळ घर्षणाशिवाय एकमेकांवर सरकतात. ‘वंगण संपले’ हा शब्दप्रयोग इथे दिशाभूल करतो, कारण झिजेच्या संधिवातात द्रव पुष्कळदा वाढतो आणि गुडघा सुजतो. कमी होतो तो त्याचा दाटपणा, आणि खरोखर संपत जाते ती कूर्चा. कूर्चेला मज्जातंतू नसल्यामुळे झीज सुरू झाल्यावर कित्येक वर्षे दुखत नाही, आणि दुखू लागते ते संधिकलेला सूज आल्यावर किंवा कूर्चेखालच्या हाडावर ताण पडू लागल्यावर. एक्स-रे चित्रात कूर्चा दिसतच नाही. दोन हाडांमध्ये दिसणारी मोकळी जागा हीच कूर्चेची जागा असते, आणि ‘गॅप कमी झाली’ असे सांगितले जाते तेव्हा तो थर पातळ झाल्याचे अनुमान त्या जागेवरून काढलेले असते. ‘हाड वाढले’ म्हणतात ते सांध्याच्या कडेला आलेले हाडाचे कोंब होत, जे झिजेबरोबरच येतात.

मांडीच्या हाडाचे गोल उंचवटे नडगीच्या सपाट माथ्यावर टेकल्यावर उरणारी जागा भरण्यासाठी तिथे तंतुमय कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती चकत्या असतात, आतल्या बाजूची थोडी उघडी आणि बाहेरची जवळजवळ गोल. गुडघ्यातली ‘गादी फाटली’ असे म्हणतात तेव्हा बहुधा यांपैकी एक फाटलेली असते, आणि ‘गादी झिजली’ म्हणतात तेव्हा हाडावरची काचाभ कूर्चा अभिप्रेत असते. रुग्णाने या दोहोंतले नेमके काय झाले आहे हे आवर्जून विचारावे, कारण उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. या चकत्यांचा इतिहास वैद्यकाला नम्रता शिकवणारा आहे. १८९७ साली जॉन ब्लँड-सटन या नामांकित इंग्रज शल्यचिकित्सकाने त्यांना पायातल्या जुन्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष ठरवले, आणि पुढे अनेक दशके फाटलेली चकती संपूर्ण काढून टाकणे हाच उपचार होता. १९४८ साली टी. जे. फेअरबँक यांनी चकती काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रे चित्रांत पुढे होणारे बदल दाखवून दिले, आणि भार वाटून घेण्याचे या चकत्यांचे काम हळूहळू सर्वमान्य झाले. चकतीच्या बाहेरच्या कडेला रक्त मिळते, तिथली चीर शिवल्यास भरून येऊ शकते. आतल्या कडेला रक्त नसते, तिथली चीर सहसा भरत नाही. एकाच चकतीच्या दोन कडांचे नशीब असे रक्तावर ठरते.

हाडाला हाडाशी बांधणारा चिवट तंतूंचा पट्टा तो अस्थिबंध, आणि गुडघ्याची हाडे आकाराने एकमेकांत नीट बसत नसल्यामुळे तिथली सारी भिस्त अस्थिबंधांवर असते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक अस्थिबंध असतो, तर सांध्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. यांतला पुढचा, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखतात, नडगीला मांडीच्या पुढे सरकू देत नाही. कबड्डीत चढाई करणारा, खो-खोत दिशा बदलणारा किंवा फुटबॉलपटू पाय जमिनीवर रोवून अचानक वळतो तेव्हा हाच तुटतो, पुष्कळदा आवाज होऊन, आणि काही तासांत गुडघा रक्त साचून फुगतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध सांध्याच्या बाहेर, रक्त मिळणाऱ्या ऊतींच्या सान्निध्यात असल्यामुळे बहुधा शस्त्रक्रियेशिवाय, आधारपट्ट्याने जुळून येतो. एसीएल मात्र संधिद्रवात असतो, तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही, आणि तो पूर्ण तुटल्यास आपोआप क्वचितच जुळतो. म्हणून धावपळीच्या खेळात परतू पाहणाऱ्या खेळाडूच्या स्वतःच्या कंडरेचा तुकडा घेऊन नवा अस्थिबंध बसवला जातो.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. शालेय पुस्तकांत तिला स्नायुरज्जू म्हणतात. अस्थिबंध आणि कंडरा दोन्ही कोलॅजनच्या तंतूंची बनलेली असली तरी पहिला हाड-हाड जोडतो आणि दुसरी स्नायू-हाड, हा भेद पक्का ठेवला तर मुरगळणे आणि लचकणे यांतला फरकही उलगडतो, कारण काटेकोर वैद्यकीय अर्थाने मुरगळतो तो अस्थिबंध आणि लचकतो तो स्नायू किंवा त्याची कंडरा. जुने आयुर्वेदीय ग्रंथ वाचणाऱ्यांनी इथे सावध असावे, कारण सुश्रुतसंहितेतले ‘स्नायू’ हे बांधणारे तंतू, म्हणजे आजचे अस्थिबंध व कंडरा यांच्या जवळचे आहेत आणि आजच्या स्नायूला तिथे ‘पेशी’ म्हटले आहे, तर आजच्या मराठीत पेशी हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकासाठी रूढ झाला आहे.

शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. इच्छेप्रमाणे हलणारे हे स्नायू ऐच्छिक. आतडी व रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतले अनैच्छिक. आणि हृदयाचा स्नायू तिसऱ्या प्रकारचा. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही, म्हणून प्रत्येक हालचालीला उलट दिशेने ओढणारा जोडीदार लागतो. स्नायूचे जे टोक सहसा स्थिर राहते त्याला उगम आणि जे हाड हलवते त्याला निवेश म्हणतात. मांडीच्या पुढच्या बाजूला चार शीर्षांचा चतुःशिरस्क स्नायू आहे; त्याची चारही शीर्षे एका कंडरेत मिळतात, ती कंडरा वाटीला कवेत घेऊन नडगीच्या पुढच्या उंचवट्यावर निवेश पावते, आणि हा स्नायू ओढू लागला की गुडघा सरळ होतो. वाटीमुळे ही कंडरा सांध्यापासून पुढे उचललेली राहते आणि तेवढ्याच ताकदीत अधिक काम होते. मांडीच्या मागचे तीन स्नायू गुडघा दुमडतात, आणि त्यांच्या कंडरा लवणीच्या दोन्ही बाजूंना हाताला सहज लागतात. डॉक्टर वाटीखालच्या कंडरेवर लहान हातोडी मारतात तेव्हा पाय आपोआप उडतो, कारण ताणल्या गेलेल्या चतुःशिरस्काचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जाऊन मेंदूला न विचारता परत येतो. ही तपासणी १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोघा जर्मन वैद्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली.

स्नायूला रक्त मुबलक मिळते आणि त्याच्या तंतूंलगत नवे तंतू घडवू शकणाऱ्या राखीव पेशी असतात, त्यामुळे लहानसहान इजा काही आठवड्यांत भरून येते. उकिडवे बसून उठताना किंवा जिना उतरताना गुडघ्यावर येणारा भार चतुःशिरस्क बळकट असेल तर नियंत्रणात राहतो. तो अशक्त झाला तर धक्के थेट कूर्चेवर आणि चकत्यांवर जातात. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतही बदलतात ते मुख्यतः हाडांचे झिजलेले पृष्ठभाग, ज्यांच्या जागी धातू आणि पॉलिथिलीन येते. बाजूंचे अस्थिबंध, कंडरा आणि स्नायू रुग्णाचेच राहतात, आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम टाळणाऱ्याचा नवा गुडघाही जुन्याच अशक्त स्नायूंच्या हवाली होतो.

झिजलेली कूर्चा परत आणता येत नाही, तुटलेला एसीएल घरी जुळवता येत नाही. पण स्नायूची ताकद मात्र कोणत्याही वयात वाढवता येते. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा संस्थेत सुमारे नव्वदीच्या दहा अशक्त रहिवाशांना देखरेखीखाली गुडघा सरळ करण्याचा वजनाचा व्यायाम देण्यात आला, आणि आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गुडघा दुखत असेल त्याने डॉक्टरांना कोणती ऊती दुखावली आहे, हाड, कूर्चा, चकती, अस्थिबंध, कंडरा की स्नायू, हे नावानिशी विचारावे, आणि उत्तर कोणतेही आले तरी मांडीच्या स्नायूंसाठी कोणता व्यायाम झेपेल हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.